नियम पहिला : पाणी

आमच्या शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या केंद्रात पिण्याचं पाणी आत नेता येत नसे. मे महिन्यातही नाही. दाराबाहेर एक लोखंडी स्टँड होता, त्यावर सगळ्यांच्या बाटल्या ओळीनं उभ्या असत. तहान लागली की माणूस चपला घालून बाहेर जायचा, उन्हात उभ्यानं दोन घोट प्यायचा आणि परत यायचा. नवीन माणूस विचारायचा, "काहून जी, असं काहून?" मग कोणीतरी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवायचं. पुठ्ठ्यावर सुबक, शाळेतल्या फळ्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं : नियम पहिला. यंत्राजवळ पाणी आणू नये.

हा नियम माझ्यामुळे झाला. तो चुकीचा आहे हे अकरा वर्षं फक्त मला ठाऊक होतं.

मी बोलका माणूस नाही. दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये नोकरी, तिथे बोलण्यापेक्षा मोजणं जास्त. घरीही सगळे धरूनच चालतात की हा काही सांगणार नाही. पण आता सांगायचं ठरलं आहे, म्हणजे मला सांगायला लावलं आहे. तर पहिल्यापासून सांगतो.

आमचं केंद्र म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. तिथून रुग्णांचं सामान वापरायला मिळतं. कोणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, कोणाचं मांडीचं हाड मोडलं, तर पलंग, व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी, जे लागेल ते न्यायचं. माणूस बरा झाला की परत आणून द्यायचं. माणूस बरा झाला नाही तरी परत आणून द्यायचं. एवढाच करार. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेला, आणि कोणता नंबर कोणाच्या घरी गेला आहे याची यादी. त्या यादीवर सगळं चाले.

चालवणारे मुख्य दोघं. एक बाई. त्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, म्हणून सगळं गोरखपूर त्यांना बाई म्हणे, त्यांची सूनसुद्धा. दुसरे गार्डकाका, रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. रिटायर झाल्यावरही शिट्टी आणि लाल झेंडी त्यांनी घरी जपून ठेवली होती. आणि तिसरा मी, शनिवार-रविवारचा. केंद्राला कोणीतरी जुना कॉम्प्युटर दिला तेव्हा गार्डकाका मला म्हणाले, "तू फॅक्टरीत कोर्स केला आहे ना?" मी म्हटलं, तीन महिन्यांचा. ते म्हणाले, "बस. आमच्यात तर कोणी तीन मिनिटांचाही नाही केला." अशा रीतीनं मी केंद्राचा इंजिनीयर झालो.

खरी कमाल बाईंनी केली. त्यांनी साठीनंतर टायपिंग शिकायला घेतलं, तेही मराठी. एका बोटानं. "क कुठे गेला रे? काल इथंच होता." मी म्हणायचो, बाई, तो तिथेच आहे, तुम्ही दुसरीकडे शोधून राहिल्या. सहा महिन्यांत वहीतल्या सगळ्या नोंदी त्यांनी कॉम्प्युटरमध्ये चढवल्या. प्रत्येक नोंद पुरी झाली की मोठ्यानं म्हणायच्या, "झालं!" बाहेर बाकावर बसलेली माणसं दचकायची. हळूहळू लोकांनाही त्याची सवय झाली. आपलं नाव टाइप झाल्यावर "झालं" ऐकल्याशिवाय ते व्हीलचेअर उचलायचे नाहीत.

वह्या मग रद्दीत गेल्या. ती शिफारस माझी. जागा अडते, मी म्हटलं.

पण मी अगदीच बेफिकीर नव्हतो, हेही खरं. आमच्या शहरानं भूकंप पाहिला आहे. ज्या पिढीनं तो पाहिला तिला भिंतीवर भरवसा ठेवू नका हे समजवावं लागत नाही. मी मीटिंगमध्ये सांगितलं की यादी एकाच यंत्रात ठेवणं बरं नाही. आग लागू शकते, चोरी होऊ शकते, भिंत पडू शकते. गार्डकाकांनी भर घातली, "माकडं." तर मी म्हटलं, माकडंही. म्हणून तीन पेन ड्राइव्ह घेऊ, तीन कॉप्या करू आणि तीन दिशांच्या तीन घरांत ठेवू. एक माझ्या क्वार्टरमध्ये, एक बाईंकडे गोरखपुरात, एक गार्डकाकांकडे महाराजपुरात. पूर्ण शहर एकाच वेळी तर नाही ना पडणार.

टाळ्या वाजल्या. मला टाळ्यांची सवय नाही, मी खाली पाहत राहिलो. पण आवडलं.

दर शनिवारी एकाचा पेन ड्राइव्ह यायचा, मी कॉपी करायचो, तो परत जायचा. बाई त्यांचा ड्राइव्ह कुंकवाच्या रिकाम्या चांदीच्या डबीत ठेवत. गार्डकाका गार्डाच्या जुन्या कोटाच्या आतल्या खिशात. कॉपी करायला मला दोन सेकंद लागत. गार्डकाका म्हणायचे, "वा! आमची मालगाडी इटारसीहून निघायला याच्यापेक्षा जास्त वेळ घ्यायची." मी ती कॉपी तिथल्या तिथे उघडूनही दाखवत असे. पेन ड्राइव्हवर टिचकी मारायची की यादी पडद्यावर हजर. बाई चष्मा सावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "आहे बरं का."

असं दीड वर्ष चाललं. मग दसरा आला.

आमच्याकडे, म्हणजे फॅक्टरीत काम करणाऱ्यांच्या घरांत, दसऱ्याला हत्यारांची पूजा नुसती रीत म्हणून होत नाही. लेथ मशीनला हळदकुंकू लागतं, पान्याला फूल लागतं, आणि त्या दिवशी कोणी त्यांना कामासाठी हात लावत नाही. केंद्रातही पूजा व्हायची. व्हीलचेअरींना झेंडूच्या माळा, वॉकरना कुंकू. वॉकरवर कुंकू लावताना गार्डकाका दरवर्षी तोच विनोद करायचे, "मला लागायची वेळ आली की हाच द्या, ओळखीचा आहे."

त्या वर्षी आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. "उद्या येताना तुझा पेन ड्राइव्ह आण. गार्डसाहेबांनाही सांगितलं. तेही हत्यारच आहे आपलं. पूजेत पाहिजे."

मी फॅक्टरीत शिकलो आहे की स्फोटक माल एका छताखाली ठेवायचा नसतो. आणि तिन्ही पेन ड्राइव्ह एका पाटावर आणायला मीच "हो बाई" म्हणालो. उलट मला बरं वाटलं. माझ्या व्यवस्थेला फूल वाहिलं जाणार होतं.

त्याच संध्याकाळी मी आणखी एक काम केलं. घरोघरी साफसफाई चालू होती, जाळी काढणं चालू होतं. केंद्राचा कॉम्प्युटर फार हळू झाला होता. मला वाटलं, दसऱ्याला यालाही स्वच्छ करू. सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकू, तीन कॉप्या आहेतच. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला समजतं त्यातलं, कर." केलं. यंत्र एकदम चकचकीत, रिकामं, धुतलेल्या फळ्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पाटावर लाल कापड, त्यावर तीन पेन ड्राइव्ह, शेजारी सजवलेला कॉम्प्युटर. बाईंनी तांब्यातल्या पाण्यात आंब्याचं पान बुडवलं आणि सगळ्यांवर शिंपडलं. हात जरा सढळ होता. पाटावर थेंब जमले. मी एका ड्राइव्हवरचं पाणी रुमालानं टिपल्याचं मला आठवतं. आरती झाली, आपट्याची पानं वाटली, प्रसाद झाला. कमानिया गेटजवळून कोणीतरी खोव्याची जलेबी आणली होती. मग एक महिला आल्या, सासऱ्यांसाठी पलंग मागायला. दसरा असला तरी आजार सुट्टी घेत नाही. बाईंनी पूजेच्या यंत्राला हात जोडले आणि म्हणाल्या, "लाव रे यादी. एक पलंग या आठवड्यात परत यायचा आहे, कोणाकडून ते बघू."

मी पेन ड्राइव्ह लावला. टिचकी मारली. पडद्यावर एक छोटीशी टॉर्च उगवली आणि इकडून तिकडे हलत राहिली, काहीतरी शोधत. मग एक चौकट आली. मी ती वाचली. दुसरा ड्राइव्ह लावला. टॉर्च. तिसरा. टॉर्च.

माझ्यामागे पंधरा-वीस माणसं उभी होती. हातात जलेबी.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"उघडत नाहीये."

"एकही?"

"एकही नाही."

बाईंनी पाटाकडे पाहिलं. कापड ओलं होतं. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आंब्याचं पान अजून हातातच होतं. "पाणी लागलं का रे त्याला?"

आणि मी म्हणालो, "तसंच दिसते."

दोन शब्द. त्या क्षणी मला पुरतं समजलं नव्हतं, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. पण कळलं होतं. चौकटीत पाण्याचं काही नव्हतं लिहिलं. चौकटीत लिहिलं होतं की ही फाइल जिथला रस्ता दाखवते तिथे आता काही नाही.

त्या संध्याकाळी मी एका सायबर कॅफेत गेलो, भलत्या मोहल्ल्यातल्या, जिथे मला कोणी ओळखत नाही. तिन्ही ड्राइव्ह लावले. तिन्ही ठणठणीत चालू. त्यांच्यात दीड वर्षाच्या शनिवारांच्या कॉप्या तारखेवार ओळीनं लावलेल्या. आणि प्रत्येक कॉपी म्हणजे यादी नव्हे, यादीकडे नेणारं चिन्ह, शॉर्टकट. पडद्यावर यादीचं जे चित्र होतं, खाली कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असलेलं, मी दर शनिवारी तेच उचलून ड्राइव्हवर ठेवत होतो. त्याच कॉम्प्युटरवर उघडलं की ते चिन्ह मूळ यादीकडे जायचं आणि यादी दिसायची, म्हणून सगळ्यांना वाटायचं कॉपी झाली. दोन सेकंदांत होणारच. नेत काय होतो मी? आणि मूळ यादी मी आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं पुसली होती.

कॅफेवाला म्हणाला, "भैया, प्रिंट निकालना है क्या?" मी म्हटलं, नही.

दुसऱ्या दिवशी सांगणारच होतो, हे खरं सांगतो. पण पोचलो तर बाईंनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला होता. त्या म्हणाल्या, "मी आता यंत्राला हात लावणार नाही. लोकांचं एवढं नुकसान केलं." सगळे त्यांची समजूत घालत होते. आणि माझ्याकडे पाहून गार्डकाका म्हणाले, "हा बिचारा रात्रभर खटपट करत असेल. डोळे पाहा याचे." सगळ्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. ज्या माणसाची लोक कीव करतात त्याला तोंड उघडणं फार जड जातं. मी उघडलं नाही. मग दिवस गेला, आठवडा गेला, आणि न सांगणं हीच सवय झाली.

किल्ल्या आम्ही बाईंना परत घ्यायला लावल्या. कॉम्प्युटरला मात्र त्यांनी हात लावला नाही. नोंदी मी करू लागलो, आणि बाई शेजारी खुर्चीवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसत. "झालं" कोणी म्हणेना. पूजा होई, पण पाण्याचा थेंब नाही, फक्त कोरड्या अक्षता. आणि तो पुठ्ठा. पहिला नियम त्यांनी स्वतः लिहिला, स्वतःच्या विरुद्ध.

आता गंमत सांगतो, कारण पुढचे दोन महिने, मन खात असूनही, माझ्या आयुष्यातले फार मजेचे होते. वस्तू कुठे कुठे आहेत ते कोणालाच माहीत नव्हतं. मग आम्ही त्या शोधायला निघालो. गार्डकाकांनी शहराचे भाग पाडले, अप आणि डाउन. कोणाला जे आठवेल ते चिठ्ठीवर लिहायचं. बाईंना शाळेतल्या विद्यार्थ्यांसारखे रुग्ण आठवत : "तो बघ, घसरून पडला होता आणि कोणाला सांगू नका म्हणत होता, तो." गार्डकाकांच्या स्कूटरवर मी मागे बसायचो. आमची पाटी काय, तर काकांच्या गळ्यातली शिट्टी.

कमानिया गेटजवळ एका कापडवाल्याच्या घरी वरच्या मजल्यावर आमची व्हीलचेअर सापडली. ज्यांच्यासाठी ती नेली होती ते दादाजी खडखडीत बरे, खाली गल्ल्यावर बसलेले. व्हीलचेअरवर साड्यांचे गठ्ठे, आणि एक माणूस ती या खोलीतून त्या खोलीत ढकलत होता. मालकीणबाई म्हणाल्या, "अरे, ये आपकी थी? हमको लगा दादाजी के साथ ही आई है." काका म्हणाले, "दादाजी आपके, कुर्सी हमारी." जाताना त्यांनी चहा पाजला आणि दुसऱ्या एका घराचा पत्ता दिला, जिथे आमचा पलंग त्यांनी पाहिला होता.

महाराजपुरात तर काकांच्या स्वतःच्या गल्लीत, तीन घरं सोडून, आमच्या वॉकरवर दोडक्याचा वेल चढला होता. चारी पाय मातीत रोवलेले. काका दोन वर्षं रोज त्यावरून जात होते. घरची म्हातारी म्हणाली, "ले जाओ भैया, पर तोरई उतरने तक रुक जाओ." आम्ही थांबलो. तीन आठवड्यांनी वॉकर आणि एक पिशवी दोडके, दोन्ही आले.

थंडी पडेपर्यंत जवळजवळ सगळं परत आलं. एक व्हीलचेअर तर जास्तीच आली, ती कोणाची ते अजून कळलं नाही. ती आमच्याकडे बिनानंबराची आहे.

त्यातून पुढे तालीम सुरू झाली. फॅक्टरीत वर्षातून एकदा भोंगा वाजतो आणि खोटी आग विझवावी लागते, तसं. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड कागदावरही ठेवायचं ठरलं. वर्षातून एकदा, कोणता दिवस ते आधी न सांगता, काका शिट्टी फुंकायचे, लाल झेंडी कॉम्प्युटरवर टाकायचे आणि गर्जायचे, "मेला! आता अमुक नंबरचा पलंग कुठे आहे ते सांगा!" मग कार्डांवर झुंबड. बाई घड्याळ लावून बसायच्या. एका वर्षी काकांना स्वतःलाच कार्ड सापडेना, तेव्हा बाई म्हणाल्या, "गार्डसाहेब, गाडी यार्डातच उभी आहे." लोक पोट धरून हसले.

पण पुठ्ठ्यावर खरा नियम नव्हता. खरा नियम एका ओळीचा : कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. तो मी लिहू शकत नव्हतो. लिहिला असता तर कोणीतरी विचारलं असतं, हे कसं सुचलं तुला? म्हणून मी तो एकटाच पाळत राहिलो. दर शनिवारी खरी कॉपी घरी न्यायची, घरच्या कॉम्प्युटरवर उघडायची, शेवटची नोंद वाचायची. बायको म्हणायची, "काय वाचून राहिले तुम्ही दर आठवड्याला, कोणाच्या कमोड खुर्चीचा पत्ता?" आजारी पडलो असतो, बदली झाली असती, तर केंद्राकडे पाण्यापासून वाचायचा नियम उरला असता, आणि पाण्यानं कधीच काही बिघडलं नव्हतं.

या वर्षी केंद्राची स्मरणिका काढायचं ठरलं. दुसऱ्या गावच्या काही मंडळींना असंच केंद्र सुरू करायचं आहे, त्यांना उपयोगी पडेल म्हणून. बाईंनी दोन पानं लिहिली आणि टाइप करायला माझ्याकडे दिली. वर मथळा होता : माझ्या हातून झालेली चूक.

मी पहिला परिच्छेद टाइप केला. "इतरांनी माझ्या चुकीवरून शिकावं म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहे," असं त्यात होतं. पुढे आंब्याचं पान होतं, पाट होता. माझ्याबद्दल एक वाक्य होतं : "आमच्या तरुण सहकाऱ्यानं त्या दिवशी मला एका शब्दानंही दुखावलं नाही." तरुण सहकारी बावन्न वर्षांचा झाला आहे. तिथे माझं बोट थांबलं.

तीन दिवस थांबलेलं होतं. बायको म्हणाली, "दोन पानांना तीन दिवस? बाई एका बोटानं याच्यापेक्षा लवकर करायच्या." ते वाक्य लागलं. मी कागद घेऊन दुपारी बाईंकडे गेलो.

बाई अंगणात मटार सोलत होत्या. आमच्याकडे हिवाळ्यात ज्याच्या घरी जावं तो मटार सोलत असतो, आणि पाहुण्याच्या पुढ्यातही मूठभर शेंगा टाकतो. मी सोलायला लागलो. सोलता सोलता सांगितलं. पडद्यावरचं चित्र, वाकडा बाण, दोन सेकंद, टॉर्च, सायबर कॅफे. बाईंना बाणाचं नीट कळेना. शिक्षिका आहेत, अर्धवट कळलेलं त्यांना चालत नाही.

"थांब," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी मुलाला डब्यात पोळीभाजी देण्याऐवजी घराचा पत्ता लिहून दिला."

"हो."

"तो घरी बसून डबा उघडेपर्यंत ठीक. समोर स्वयंपाकघरच आहे."

"हो बाई."

"आणि मग घर पाडलं."

"हो."

"कोणी पाडलं?"

"मी."

"आणि पाणी?"

"पाण्यानं काही नाही झालं. तिन्ही चालू होते. अजून चालतात, माझ्याकडे आहेत."

बाईंनी ताट खाली ठेवलं. मला वाटलं होतं रडतील, किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्ही नाही. त्या भडकल्या.

"अकरा दसरे!" त्या म्हणाल्या. "अकरा दसरे मी कोरड्या अक्षता टाकून राहिले! नातू परगावाहून व्हिडिओवर बोलतो तर मी लॅपटॉपपासून चार हात लांब बसते. तो म्हणतो, आजी दिसत नाही. मी म्हणते, राहू दे बाबा, माझा हात वाईट आहे. वाईट हात! आणि तू शेजारी बसून टाइप करून राहिला!"

मी म्हटलं, चुकलो बाई.

"चुकला तू त्या दिवशी. त्याचं मला काही नाही, मीही शिकताना किती वेळा सगळं उडवलं. पण दर शनिवारी समोर येऊन बसलास की रे."

मी हातातले दाणे ताटात टाकले.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि गार्डकाका आत आले, हातात पाण्याची बाटली. सवयीनं ती त्यांनी फाटकाजवळच ठेवली. "काय चाललंय? चेहरे असे काहून?"

"आपला इंजिनीयर कबुली देऊन राहिला आहे," बाई म्हणाल्या आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं, डब्यासकट. माझ्यापेक्षा फार चांगलं सांगितलं.

काका ऐकत राहिले. मग त्यांनी फाटकाजवळच्या बाटलीकडे पाहिलं. "म्हणजे अकरा उन्हाळे मी उन्हात जाऊन पाणी प्यायलो, ते काहून?"

मी उठून ती बाटली आणून त्यांच्या हातात दिली.

"माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं सांगितलं पाणी भरपूर प्या, तेव्हाही मी बाहेर जाऊन राहिलो. चपला घालून!" मग त्यांना हसू फुटलं. इतकं हसले की मटारच्या ताटाला पाय लागला. बाई आधी ओरडल्या, "दाणे!" आणि मग त्याही हसल्या. मी दाणे गोळा करत होतो, म्हणून माझं तोंड खाली होतं, ते बरं झालं.

हसणं संपल्यावर बाई म्हणाल्या, "माफ-बिफ नंतर बघू. आधी ते कागद दे." मी दिले. त्यांनी स्वतःचे दोन कागद चार तुकडे करून टरफलांत टाकले. "माझी दोन पानं होती स्मरणिकेत, ती आता तुझी. लिही. जास्त झालं तर होऊ दे. मथळा तूच शोध, माझा ढापायचा नाही. आणि ती ओळ घाल, तुझ्या त्या एकट्यानं पाळायच्या नियमाची. ते दुसऱ्या गावचे लोक आमच्या पुठ्ठ्यावरचं लिहून नेतील आणि बसतील उन्हात पाणी पीत."

म्हणून हे लिहिलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी केंद्रात पोचलो तर पुठ्ठा खाली उतरवलेला होता आणि गार्डकाका आत, पंख्याखाली बसून, सगळ्यांना दिसेल असं बाटलीनं पाणी पीत होते. "आणखी घेऊ का?" ते मला म्हणाले आणि पुन्हा प्यायले. बाई माझ्या खुर्चीवर होत्या. कॉम्प्युटर आता नवीन आहे, आणि कळफलकही. एक गृहस्थ वॉकर न्यायला आले होते, आईसाठी. बाईंनी पदराला हात पुसले, जरा जास्तच वेळ पुसले, आणि एक बोट पुढे केलं.

"क कुठे गेला रे?"

मी दाखवायला हात पुढे केला.

"हात मागे. मला शोधू दे."

पाच मिनिटं लागली. ते गृहस्थ घड्याळ पाहत होते, काका त्यांना "बैठिए जी, बैठिए" म्हणत होते. मग "झालं!" असं इतक्या मोठ्यानं झालं की ते अर्धे उठलेच.

"आता कॉपी," बाई म्हणाल्या. मी केली. त्यांनी ड्राइव्ह माझ्या हातातून काढून घेतला आणि काकांच्या नातीकडून मागून आणलेला लॅपटॉप पुढे ओढला. "याच्यावर उघड. दिसतं म्हणून नको सांगू. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. वॉकर, नंबर चौदा, महाराजपूर, आईंसाठी, आज दिला.

"दोडक्याच्या वेलासाठी नाही ना?" काका म्हणाले.